चतकोर मत

हिरासावा वाडीचा पाट डोंगराच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्यासारखा होता. दोन किलोमीटर लांब आणि एक माणूस उभा राहील एवढा रुंद. नोव्हेंबरातल्या भूकंपात डोंगराची कड सुटली, ती आधी या पाटात येऊन बसली. मग वरून बर्फ पडलं. मार्च संपताना बर्फ वितळलं, तेव्हा दगड, माती, मुळ्या, देवदाराच्या काटक्या सगळं एकजीव होऊन इतकं घट्ट बसलं होतं की फावडं मारलं तर तो गाळ फावडंच आत धरून ठेवायचा.

सातोए ते दोन्ही हातांनी हलवून हलवून सोडवायची. बासष्ट वर्षांची, अंगानं बारीक बाई. तिच्या पुढं दहा हातांवर नवरा कियोहारु टिकाव चालवायचा. मागं शेजारची मासुए गाळ पोत्यांत भरायची. भूकंपात तिचा नवरा गोठ्याखाली सापडला होता. त्या दिवसापासून ती कामाला कुणाच्याही आधी यायची. आणि पोत्यांची तोंडं बांधायला चौऱ्याऐंशी वर्षांचा तोराहेइ, जो बांधायचा कमी आणि बोलायचा जास्त.

एकतीस घरांच्या वाडीतून रोज वर येणारी माणसं एवढीच. बाकीची खाली गावात, शाळेच्या मैदानावर उभारलेल्या तात्पुरत्या खोल्यांत होती. अकरा घरं तर मुलांकडे लांब शहरांत निघून गेली होती आणि जाताना नगरपालिकेच्या वहीतून आपली नावंही काढून घेऊन गेली होती. हे चौघंही त्या खोल्यांतच राहत. पहाटे मासुएच्या गाडीतून पाऊण तास चढून यायचं आणि अंधार पडायच्या आत उतरायचं.

"खालचा गाळ आपण काढू," कियोहारु म्हणायचा, "पण वरचं काय?"

वर, पाटाला पाणी देणाऱ्या धरणाच्या तोंडाजवळ, नव्वद मीटर पाट डोंगरासकट दरीत गेला होता. तिथं फावड्याचं काम नव्हतं. तिथं यंत्र हवं होतं, लोखंडी नळ हवे होते, आणि त्यासाठी नगरसभेचा ठराव हवा होता. नगरपालिकेतला कारकून दर वेळी अत्यंत अदबीनं वाकून एकच सांगायचा: वाडी खाली हलवायची की नाही याची पाहणी होईपर्यंत दुरुस्ती होणार नाही. आणि पाहणी शरद ऋतूत.

शरद ऋतूत! लावणी मेअखेरीला. बी भिजत घालायचे दिवस आले होते. या वर्षी खाचरांत पाणी आलं नाही, तर उरलेली वीस घरं स्थलांतराच्या कागदावर शिक्के मारून मोकळी होतील, हे सगळ्यांना न बोलता ठाऊक होतं. एक वर्ष पडीक राहिलेलं खाचर म्हातारा माणूस पुन्हा उभं करत नाही.

भूकंपामुळं पुढं ढकललेली नगरसभेची निवडणूक एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लागली. खोल्यांमधल्या बैठकीच्या दालनात वाडी जमली. वाडीचा जुना सभासद आता मुलीकडे गेला होता. सगळे जमिनीकडे बघत बसले. मग तोराहेइ म्हणाला, "मिनाकुची, तूच उभा राहा. तुझ्या घराचं नावच पाण्याचं तोंड. तू नाही तर कोण बोलणार पाण्याबद्दल?"

मिनाकुची हे कियोहारुच्या घराचं नाव. पाट जिथं पहिल्या खाचरात उतरतो तिथं त्यांचं घर, म्हणून. वाडीत एकतीसपैकी सव्वीस घरं आडनावानं हिरासावाच, त्यामुळं आडनावाचा उपयोग फक्त सरकारी कागदाला. एकमेकांना सगळे घराच्या नावानं हाक मारत: मिनाकुची, वरचा गोठा, चिंचोळं, देवळामागचे. माणसाचं स्वतःचं नाव आईबाप घेत, आणि ते गेले की नावही त्यांच्याबरोबर जाई.

कियोहारुनं जमिनीला हात टेकून सगळ्यांना नमस्कार केला. सातोएनंही मागं बसून केला. चारचौघांत तिचा नवरा "हो" आणि "बरं" यापलीकडे फारसं बोललेला तिनं पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळपासून तिनं चहा सोडला. पाटाला पाणी येईपर्यंत चहा नाही. सकाळी संत्र्याच्या खोक्यावर मांडलेल्या देवघरात ताज्या भाताचा घास आणि पाण्याची वाटी ठेवायची, सासऱ्यांचं नाव घ्यायचं, भूकंपात गेलेल्या तिघांची नावं घ्यायची, मग हात जोडून बसायचं, हे तर चालूच होतं. त्यात आता आणखी एक मागणं आलं.

* * *

अर्ज भरायच्या दिवशी कियोहारु नगरपालिकेतून परतला तो बूट न काढता दारातच बसला.

"बारा जागांना तेरा अर्ज," तो म्हणाला. "आणि दोन हिरासावा."

"दुसरा कोण?" मासुएनं विचारलं.

"नोबुताका. खडीवाला."

नोबुताकाचा आजा वाडीतलाच. तो खाली उतरला, नदीतली वाळू उपसायला लागला, आणि नातवापर्यंत येता येता खडीच्या यंत्रांची रांग झाली. नोबुताका तीन वेळा नगरसभेत बसला होता. वाडी खाली आणावी, स्टेशनामागं नव्या इमारती बांधाव्यात, हे त्याचंच म्हणणं. त्या जागेच्या सपाटीला खडी कुणाची लागणार, हे वेगळं सांगायला नको.

"असेना का दोन," तोराहेइ म्हणाला. "आम्ही काय त्याला देणार आहोत?"

"तसं नाही काका. मतपत्रिकेवर आपण हातानं नाव लिहितो ना? नुसतं 'हिरासावा' लिहिलं, तर ते मत दोघांत वाटतात. ज्याची पूर्ण नावाची मतं जास्त, त्याला वाटा जास्त. दशांशापर्यंत."

मग मासुए हळूच म्हणाली, "म्हणजे मी तुमच्या नावानं टाकलेलं मत निम्म्याहून जास्त खडीवाल्याच्या पोत्यात?"

"दोन तृतीयांश तरी."

"मग मिनाकुची लिहू!" तोराहेइ म्हणाला.

"मोजणारे म्हणतील, असा उमेदवारच नाही. वाद होईल. पूर्ण नाव लिहा, काका. पूर्ण."

"लिहितो की. काय तुझं पूर्ण नाव?"

कियोहारुनं त्याच्याकडे पाहिलं. जन्मापासून त्याला पाहणारा माणूस खरंच विचारत होता.

सातोए वाडीतलं एकेक घर मनात मोजू लागली. पन्नास-पन्नास वर्षं वाडीतली माणसं उमेदवाराचं नुसतं आडनाव लिहीत आली होती. हाताला तेवढंच ठाऊक. म्हाताऱ्यांची बोटं मतदानाच्या आडोशात गेल्यावर काय लिहितील, कोण सांगणार? आणि घरोघर जाऊन सांगायला कायद्यानं बंदी. दारावर थाप मारून "मत द्या" म्हणायचं नाही, बरोबर लोणच्याची वाटीसुद्धा न्यायची नाही. सांगायचं ते गाडीवरच्या भोंग्यातून, सकाळी आठ ते रात्री आठ, पाच दिवस.

"भोंग्यावर बोलणार कोण?" कियोहारुनं विचारलं. "शहरातून पोरी आणायच्या तर..."

पुढचं त्यानं सोडून दिलं. मासुए म्हणाली, "मी गाडी चालवणार. उमेदवारानं खिडकीतून हात हलवायचा. उरलं कोण?"

उरली सातोए.

* * *

मंगळवारी सकाळी मासुएच्या गाडीच्या टपावर भोंगे बांधले. पुलाच्या अलीकडे गाडी आली आणि सातोएनं माइक तोंडाजवळ धरला. हातांत पांढरे मोजे, कियोहारुच्या हातांतही तसेच. आत टिकावाचे फोड फुटलेले, त्यामुळं त्याच्या तळव्यावर दुपारपर्यंत पिवळा डाग उमटे. त्याच्या खांद्यावरून नावाचा पट्टा आडवा गेला होता.

"वहिनी, बोला," मासुए म्हणाली.

सातोएनं तोंड उघडलं आणि मिटलं.

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. "अहो" होतं, "ऐकलंत का" होतं, मुलगी झाल्यावर "बाबा" झालं. परक्यांपुढं "आमच्याकडचे". नाव घ्यायची वेळच कधी आली नव्हती. आणि आता ते साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं घ्यायचं.

"हिरासावा," ती म्हणाली, आणि भोंग्यातून स्वतःचाच आवाज इतका मोठा आला की तिनं माइक मांडीवर टाकला.

कियोहारु खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"हिरासावा म्हटलं तर खडीवाल्याचाच प्रचार होतोय," मासुए म्हणाली. "पुढचं म्हणा."

"हिरासावा... कियोहारु."

"मोठ्यानं!"

"हिरासावा कियोहारु! हिरासावा कियोहारु! मिनाकुचीचे कियोहारु!" डोळे घट्ट मिटून ती म्हणत गेली. पुलावर एक बाई सायकल थांबवून उभी राहिली आणि वाकून नमस्कार करून गेली. सातोएनं डोळे उघडले तोवर पूल संपला होता.

पहिल्या दिवशी तिनं ते नाव किती वेळा घेतलं असेल, देव जाणे. संध्याकाळी घसा असा झाला की पाणीही अडकत होतं. ज्या अंगणात गाडी थांबे तिथं कुणीतरी चहा पुढं करी. तिनं कपाला ओठ लावायचे आणि कप खाली ठेवायचा. "आमचा चहा आवडला नाही वाटतं, भावी सभासदीणबाईंना," एका म्हातारीनं टोमणा मारला. सातोएनं नुसतं वाकून क्षमा मागितली. नवस सांगायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी भातगिरणीजवळच्या अरुंद रस्त्यावर नोबुताकाची गाडी समोरून आली. मोठी पांढरी गाडी, आत रंगवलेल्या ओठांच्या तीन पोरी, गळ्यात आवाज कसा मधासारखा. दोन्ही गाड्यांचे भोंगे बंद झाले. मासुएला रस्त्याखाली चाक उतरवून वाट द्यावी लागली. नोबुताका खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"अरे, कियोहारु! प्रकृती सांभाळ हं. वहिनी, घशाला मध घ्या. आवाज पार फाटलाय तुमचा." आणि पुढं जाता जाता हसून म्हणाला, "आपलं आडनाव गाजवताय तुम्ही. उपकार आहेत."

गाडी निघून गेल्यावर कियोहारु म्हणाला, "आडनाव कमी म्हण. नाव जास्त म्हण." एवढंच.

त्या दिवसापासून तिनं आडनाव टाकलंच. नुसतं "कियोहारु, कियोहारु" म्हणत गाडी फिरू लागली, जशी आई हरवलेल्या पोराला हाका मारत फिरावी. शाळेच्या मैदानाला तर रोज चार फेऱ्या. खोल्यांच्या दारांतून वाडीतली माणसं बाहेर येत.

"काळजी करू नको गं! हिरासावा लिहितो!" देवळामागची म्हातारी ओरडे.

"कियोहारु लिहा, मावशी! कियोहारु!"

"हो हो, मिनाकुची!"

"मिनाकुची नाही! कियोहारु!"

तोराहेइ दाराशी वहीच्या पानावर रोज वीसदा ते नाव लिहून काढत बसायचा. शनिवारी त्यानं पान वर धरून दाखवलं. "बघ. आता स्वतःचं विसरीन, पण याचं नाही."

शनिवारी रात्री आठला भोंगा बंद केला, तेव्हा सातोएच्या गळ्यातून वाऱ्यासारखी सूं सूं आली फक्त. खोक्यावरच्या देवघरापुढं ती बसली आणि ओठांनी मागितलं: कुणाच्याही हातून नुसतं आडनाव पडू नये. एकाच्याही.

* * *

मतदानाच्या दिवशी ती सासूला घेऊन गेली. तोकी एक्याण्णव वर्षांची. भूकंपात तिचं उजवं मनगट मोडलं होतं, ते वाकडंच जुळलं. पेन्सिल धरता येत नव्हती. अशांसाठी दोन कारकून असतात. मतदारानं नाव सांगायचं, एकानं लिहायचं, दुसऱ्यानं पाहायचं. घरच्या माणसानं जवळ उभं राहायचं नाही.

सातोएनं आधी स्वतःचं मत लिहिलं. एकेक अक्षर जपून, लहान मुलीसारखं. पेटीत टाकलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

तोकीला ऐकू कमी येई, म्हणून ती बोले मोठ्यानं.

"आजी, कुणाला मत द्यायचंय?" कारकून हळू म्हणाला.

"मिनाकुचीला!"

"आजी, हळू... असं नाव यादीत नाही."

"यादीत नाही? दोनशे वर्षं घर आहे आमचं!"

"उमेदवाराचं नाव सांगा."

"माझा मुलगा!"

दालनातली माणसं खाली माना घालून हसू दाबत होती. सातोए दाराची चौकट धरून उभी होती. एक शब्द बोलायची सोय नव्हती, आणि बोलायला आवाजही नव्हता.

"त्याचं नाव, आजी. पूर्ण."

"मी जन्माला घातलाय त्याला, आता यादीत शोधू? कियो म्हणते मी. कियोच्या पुढं काय आहे ते त्याच्या बापानं ठेवलं होतं."

मग कारकुनानं तिला आडोशात चिकटवलेली नावांची यादी दाखवली असावी, कारण तोकीचा डावा हात वर गेलेला सातोएला दिसला. बोट कुठं टेकलं ते दिसलं नाही. यादीत दोन हिरासावा एकाखाली एक होते.

बाहेर आल्यावर तिनं सासूच्या कानाशी तोंड नेलं. "आई, वरच्या नावावर बोट ठेवलंत की खालच्या?"

"मधे कुठंतरी," तोकी म्हणाली. "काय दिसतं मला? पोराला विचारायचं होतंस, तो वर असतो की खाली."

सातोएनं तिच्या पायांतले बूट नीट केले. सारखी उठबस करत राहिलं म्हणजे विचार कमी येतो. एक मत, ती स्वतःला समजावत होती. एकच. पण हिशोब मनात सुटत नव्हता: वाडीची उरलेली त्रेपन्न मतं, वरच्या तीन वाड्यांची मिळून शंभरेक, गावातले ओळखीपाळखीचे. मागच्या वेळी शेवटचा निवडून आला तो एकशे नव्वदवर.

* * *

रस्ते अजून पक्के नव्हते, पेट्या उशिरा पोचायच्या, म्हणून मोजणी सोमवारी सकाळी शाळेच्या व्यायामशाळेत ठेवली होती. कियोहारु आला नाही. "मी तिथं उभा राहून काय करू? पोती भरतो," म्हणून पहाटेच दुसऱ्याच्या गाडीतून पाटावर गेला. सातोए आणि मासुए दोरीमागं उभ्या राहिल्या. उमेदवाराच्या वतीनं मोजणी बघायला तोराहेइ आत बसला होता, मुलाच्या लग्नातला काळा सूट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून.

पत्रिका टेबलावर ओतल्या, उलगडल्या, गठ्ठे पडू लागले. मासुएनं आणलेल्या दुर्बिणीतून सातोए बघत होती. कियोहारुचा गठ्ठा बारीक. नोबुताकाचा दुप्पट. आणि त्या दोघांच्या मधे, वेगळा, एक तिसरा गठ्ठा.

"तो कसला?" मासुएनं विचारलं.

सातोएला विचारायची गरज नव्हती. एकेक पत्रिका त्यावर पडताना तिला वाटे, ही देवळामागच्या मावशींची. ही वरच्या गोठ्याच्या काकांची. ही आईंची. तिची बोटं दोरीवर आवळत गेली. पाच दिवस ओरडले, ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

अकराला फळ्यावर आकडे लागले. अकरा उमेदवार कधीच वर निघून गेले होते. उरले दोन. कियोहारुची पूर्ण नावाची मतं एकशे एक्याऐंशी. समुद्रकाठचे निवृत्त पोस्टमास्तर इवाबुची, एकशे ब्याण्णव.

मासुएनं दुर्बीण खाली केली. "गेलं," ती म्हणाली.

नव्वद मीटरची ती दरी सातोएच्या डोळ्यांपुढं आली.

मग एका कारकुनानं गणकयंत्र पुढं ओढलं. दुसऱ्यानं पुन्हा केलं. तिसऱ्यानं तपासलं. तोराहेइ खुर्चीत पुढं सरकला. नुसत्या हिरासावाच्या छत्तीस पत्रिका होत्या. नोबुताकाचे तीनशे अठ्ठ्याण्णव, कियोहारुचे एकशे एक्याऐंशी, त्या प्रमाणात वाटणी. कारकुनानं फळ्यावर कियोहारुच्या नावासमोर लिहिलं: १९२.२५३.

बराच वेळ कुणालाच काही कळलं नाही. आधी इवाबुचींना कळलं. ते दोरीच्या पलीकडच्या टोकाला उभे होते. सत्तरीचे गृहस्थ, टाय बांधलेला. ते चालत आले आणि सातोएपुढं कमरेत वाकले. "अभिनंदन," म्हणाले. त्यांचा भूकंपात धाकटा भाऊ गेला होता. सातोए त्यांच्याहून खाली वाकली आणि वर यायचं विसरली.

तोराहेइ धापा टाकत बाहेर आला. "सांगायचं नसतं, पण सांगतो," तो कुजबुजला. "त्या छत्तीसांत आपलं एकही नाही. आपल्या लोकांची अक्षरं मी ओळखतो, सगळी वाकडी. ती छत्तीस कोवळी, नीट, ऑफिसातली. खडीवाल्याची माणसं सगळी. त्याला गावात नुसतं हिरासावाच म्हणतात ना!"

सातोए भिंतीला टेकली. जे होऊ नये म्हणून पाच दिवस घसा फाडला, रोज हात जोडले, त्यानंच तारलं होतं. कुणाचे आभार मानायचे ते तिला समजेना.

पाटावर जाऊन त्यांनी सांगितलं तेव्हा कियोहारु टिकाव खाली ठेवून आकडा दोनदा म्हणायला लावून ऐकत राहिला.

"पाव माणसानं आलास बाबा," तोराहेइ म्हणाला. "भाकरीचा चतकोर असतो ना, तसा चतकोर माणूस."

"कोणता चतकोर?" मासुए म्हणाली. "डोक्याकडचा की पायाकडचा?"

"सभेत बसायचं तर बसायचाच!" तोराहेइनं बुडावर थाप मारली.

मासुए हसता हसता पोत्यावर बसली आणि तिथंच रडायला लागली. नवरा गेल्यापासून तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. सातोए तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कियोहारुनं टिकाव उचलला.

* * *

मंगळवारी नगरपालिकेत निवडून आलेल्यांना प्रमाणपत्रं दिली. सातोए अंगणात थांबली होती. कियोहारु कागदाची गुंडाळी घेऊन बाहेर आला आणि त्याच्यामागून नोबुताका.

"वहिनी, आवाज बसला ना? म्हटलं होतं, मध घ्या." मग तो कियोहारुकडे वळला. "माझ्या ताटातलं थोडं तुझ्या ताटात सांडलं रे. राग नाही. आपल्याच घरातलं."

कियोहारुनं गुंडाळी दुसऱ्या हातात घेतली.

"सरळ बोलतो. सभापतीच्या खुर्चीवर मला बसायचंय. आम्ही सहा, समोरचे पाच. तू तिकडे गेलास तर सहा-सहा होतात आणि चिठ्ठी टाकावी लागते. चिठ्ठीवर माझा विश्वास नाही. तू इकडे ये. मेच्या पहिल्या बैठकीत तुझ्या पाटाचा विषय मी घेतो. नळ बसवायला दहा दिवस. लावणीला पाणी."

"आणि वाडी खाली आणायचा ठराव?"

"तो येणारच. शरद ऋतूत येईल. यंदाचं पाणी यंदा, पुढचं पुढं." त्यानं घड्याळ पाहिलं. "गुरुवारपर्यंत सांग."

मासुएच्या गाडीतून ते निघाले. खोल्यांमागच्या प्लास्टिकच्या मांडवात त्यांनी भाताचं बी ट्रेमधून पेरलं होतं. तिथं थांबून सातोएनं पाणी शिंपडलं. कोंब बोटभर झाले होते, हिरवे, पातळ, एकाच बाजूला कललेले. आणखी महिनाभर ते ट्रेमध्ये थांबतील. मग पिवळे पडतील.

वर पाटावर पोचल्यावर कियोहारुनं कोट काढून झाडाच्या फांदीला अडकवला. "काय करायचं?" त्यानं पाठ न वळवता विचारलं.

असं त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं. सातोए फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून उभी राहिली.

"तो उद्या आपल्याला खाली ओढणार," तो म्हणाला. "त्यालाच खुर्चीवर बसवायचं. लोक म्हणतील, चतकोर मतावर आला आणि अख्खा विकला गेला."

"म्हणतील," सातोए म्हणाली. घोगरा, तुटका आवाज आला. शब्दांमधे श्वास घ्यावा लागत होता. "खुर्चीला पाणी लागत नाही. खाचराला लागतं. द्या त्याला खुर्ची."

"आणि शरद ऋतूत?"

"शरद ऋतूत भात कापणीला आलेलं असेल. उभ्या पिकातून वीस घरं उठवायला त्याला येऊ दे वर. तेव्हा बोला तुम्ही. तुम्हाला नाही जमलं तर मी बोलेन. मला आता सवय झालीय."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान खाली घातली. हो म्हणाला की नाही, ते तिला कळलं नाही. आपण आत्ता जे सांगितलं ते देवाला चाललं असेल का, हेही नाही.

वरून, दरीच्या तोंडाकडून, वारा येत होता. मागं मासुए पोती झटकत होती आणि तोराहेइ कुणालातरी शिव्या देत होता. कियोहारुनं बाह्या वर केल्या आणि टिकाव मारला. टिकाव खणकन वाजून मागं आला. गाळाखाली मोठा दगड होता, पाटाच्या रुंदीएवढा. त्यानं कडेनं माती मोकळी केली, एका बाजूनं हात घातला, दगड हलला नाही.

सातोएनं फावडं कडेला ठेवलं. दुसऱ्या बाजूनं वाकून तिनं थंड चिखलात कोपरापर्यंत हात घातले आणि दगडाची खालची कड शोधली.

"हं," ती म्हणाली. "घ्या."